वाट मेहरबानीची की हक्काची?
खाडीकाठच्या शेजाऱ्यांनी वेळीच कागद करावा

खाडीकाठी ज्याचा धंदा आहे त्याचे भांडवल होडीत, जाळ्यात, बर्फात आणि वखारीतल्या मालात असते, असे आपण समजतो. पण या भांडवलाचा एक मोठा भाग शेजाऱ्याच्या जमिनीत पडलेला असतो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शेजाऱ्याच्या वाडीतून पाण्यापर्यंत जाणारी पाखाडी, त्याच्या गडग्याला लागून असलेला दगडी धक्का आणि पावसाळ्यात होड्या ओढून घेण्याची त्याची मोकळी जागा, या तीन गोष्टींवर कित्येक घरांचा रोजगार चालतो. यातली एक बंद झाली तर लाखोंची होडी असूनही नाखव्याला हात बांधून बसावे लागते.

बाणकोट, दाभोळ, जयगड, राजपुरी, जैतापूर या खाड्यांच्या काठी आमची वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. कोणी नाखवा आहे, कोणी तांडेल, कोणी सुक्या मासळीचा व्यापारी, कोणी होड्या बांधणारा सुतार. या वस्त्यांत धक्का आणि वाट सामायिकच असायची. वडिलांनी वडिलांना सांगितले, "भाई, खुशाल जा," आणि तेवढ्यावर पन्नास वर्षे निघून गेली. कागद कोणी केला नाही, कारण कागदाची गरज कोणाला भासली नाही.

आज ती परिस्थिती राहिलेली नाही. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले. पाण्याकाठच्या जमिनीला भाव आला. ज्या जागेत पूर्वी जाळी वाळत, त्या जागेला आज शहरातला खरेदीदार तोंडमागितली किंमत देतो. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, हजचा खर्च, आजारपण या गरजा खऱ्या आहेत. पण नवा मालक येतो, तारेचे कुंपण घालतो, फाटकाला कुलूप लावतो आणि विचारतो, "वाट तुमची आहे, तर कागद दाखवा." तेव्हा साऱ्या मोहल्ल्याची पंचाईत होते.

कायदा काय म्हणतो

या प्रश्नाचा मुख्य कायदा फार जुना आहे. 1882 सालचा भारतीय सुविधाधिकार कायदा, ज्याला कचेरीत सगळे 'ईझमेंट ॲक्ट' म्हणतात, तो 1891 साली मुंबई इलाख्यास लागू झाला आणि आजही महाराष्ट्रात चालू आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा, पाणी नेण्याचा किंवा तिचा ठरावीक उपयोग करण्याचा हक्क कसा मिळतो, कसा टिकतो आणि कसा जातो, हे त्यात सांगितले आहे.

वहिवाटीने हक्क मिळवायचा तर कलम 15 प्रमाणे वीस वर्षांचा उपभोग लागतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षांचा. पण नुसती वर्षे मोजून भागत नाही. हा उपभोग उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून झालेला असला पाहिजे. यातले 'हक्क म्हणून' हे शब्द आमच्या बांधवांनी नीट समजून घ्यावेत, कारण बहुतेक दावे तिथेच अडखळतात.

शेजाऱ्याने मायेने, ओळखीने, नात्याने जाऊ दिले असेल तर ती परवानगी झाली. परवानगीने केलेला वापर चाळीस वर्षांचा असला तरी त्याचा हक्क बनत नाही. म्हणजे प्रकार असा उलटा होतो, की ज्याचा शेजारी वाईट होता आणि जो त्याच्या नाराजीची पर्वा न करता वीस वर्षे उघडपणे वाट वापरत राहिला, त्याला न्यायालयात काही आधार मिळतो. ज्याचा शेजारी देवमाणूस होता आणि ज्याने दर वेळी त्याला विचारून पाऊल टाकले, त्याच्या हातात काहीच उरत नाही. चांगल्या शेजाराची अशी किंमत मोजावी लागू नये, यासाठीच कागद हवा.

परवानगीचे नियम याच कायद्यात पुढे दिले आहेत. कलम 59 प्रमाणे जमीन विकली गेली की नवा मालक जुन्या मालकाच्या परवानगीने बांधला जात नाही. कलम 60 प्रमाणे परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. याला एक मोठा अपवाद आहे. परवानगीवर विसंबून तुम्ही पक्के बांधकाम केले आणि त्यासाठी पदरचा पैसा घातला, तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. म्हणून ज्यांनी शेजाऱ्याच्या संमतीने दगड-सिमेंटचा धक्का बांधला आहे, त्यांनी सिमेंटच्या, चिऱ्याच्या, गवंड्याच्या मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्या पावत्या पुढे वकिलाच्या फीपेक्षा मोलाच्या ठरतील.

आणखी एक गोष्ट. कलम 28 प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. डोक्यावर पाटी घेऊन जाण्याची वाट मिळाली म्हणून त्यावरून बर्फाचा टेंपो नेता येत नाही. कित्येक भांडणे इथून सुरू होतात. वाट देणारा म्हणतो, "माणसांना दिली होती." वापरणारा म्हणतो, "वाट म्हणजे वाट." कायदा इथे वाट देणाऱ्याच्या बाजूने आहे आणि आमच्या मते ते योग्यच आहे. ज्याच्या अंगणातून ट्रक जाणार, त्याला आधी विचारले गेले पाहिजे.

धक्का नेमका कोणाचा?

धक्क्याच्या बाबतीत लोकांचा आणखी एक गैरसमज असतो. काठावरची जमीन माझी, म्हणून समोरचे पाणीही माझे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेच्या खालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ, तसेच नद्या, नाले, तलाव यांचे तळ, ज्यांवर दुसऱ्या कोणाचा सिद्ध झालेला हक्क नाही, ते राज्य सरकारच्या मालकीचे आहेत. म्हणजे साध्या धक्क्याचेही तीन भाग पडतात. वाट खाजगी मालकाची किंवा नगरपरिषदेची, बांधकाम ज्याने केले त्याचे आणि खालची जमीन सरकारची. तिघांचे नियम वेगवेगळे आहेत आणि एकाची परवानगी दुसऱ्याला लागू पडत नाही.

पाण्याच्या बाजूचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. 1996 साली स्थापन झालेले हे मंडळ राज्यातली 48 लहान बंदरे वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ले अशा पाच गटांतून पाहते. 1908 चा बंदर कायदा बाजूला सारून संसदेने 2025 साली नवा कायदा केला, तरी लहान बंदरांचा कारभार राज्याच्या मंडळांकडेच राहिला आहे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहेच. ती प्रथम 1991 साली आली, 2011 साली बदलली आणि 2019 साली पुन्हा बदलली. भरतीरेषेजवळ नवे पक्के बांधकाम करायचे तर या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी घ्यावी लागते. दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवले म्हणून नवी जेटी उभी करता येत नाही. तशी ती केली तर दंड आणि पाडकाम दोन्ही पदरात पडते आणि पैसा गेल्यावर शेजारीही शेजारी राहत नाही.

आता नगरपरिषदेकडे वळू. मुरूड, श्रीवर्धन, महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या साऱ्या गावांत नगरपरिषदा आहेत. आमचे लोक घरपट्टीची पावती दाखवून म्हणतात, "ही बघा मालकी." घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि वाटेचा हक्क तर मुळीच होत नाही. त्याचप्रमाणे नव्या मालकाला नगरपरिषदेने बांधकामाची परवानगी दिली, म्हणून तुमचा वहिवाटीचा हक्क संपला असेही होत नाही. नगरपरिषद नकाशा आणि नियम पाहते, शेजाऱ्यांमधल्या खाजगी हक्कांचा निवाडा ती करत नाही. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण "परवानगी मिळाली, आता काय करणार" म्हणून गप्प बसतात. गप्प बसणे सर्वांत घातक आहे. वाट अडवली हे कळूनही एक वर्ष मुकाट्याने सोसले, तर वहिवाटीच्या मुदतीत खंड पडला असे कायदा मानतो. आणि जो दावा लावायचा तोही वाट बंद पडल्यापासून दोन वर्षांच्या आत लागला पाहिजे.

शरियत आणि शेजार

हा विषय केवळ कोर्टाचा नाही. शेजाऱ्याच्या हक्कावर इस्लामने जेवढा भर दिला आहे तेवढा क्वचितच कुठे दिला गेला असेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसमध्ये शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळई बसवायची म्हटले तर त्याला अडवू नये, असा उपदेश आहे. ही आज्ञा बंधनकारक की केवळ पसंतीची, यावर फकीह मंडळींत मतभेद आहेत. इमाम अहमद यांच्या मते ती बंधनकारक, तर शाफई मजहबचे प्रचलित मत ती पसंतीची असे आहे. आपण कोकणी मुसलमान बहुसंख्य शाफई. म्हणजे आपल्या मजहबप्रमाणेही शेजाऱ्याने दिलेली सवलत हा त्याचा मोठेपणा ठरतो. त्या मोठेपणाचे ओझे त्याच्या वारसांवर किती टाकायचे, हे ठरवून घेतलेले बरे.

काही जण हक्कशुफ्याचा आधार सांगतात. शेजारची जमीन विकली जात असेल तर आधी शेजाऱ्याला विचारले पाहिजे, हा तो हक्क. पण शाफई मजहबमध्ये तो फक्त सहहिस्सेदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. हनफी मजहब शेजाऱ्यालाही देतो, तसेच वाट आणि पाणी सामायिक असणाऱ्यालाही देतो. परंतु केवळ शेजारीपणावर आधारलेला हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली भाऊ राम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात घटनेशी विसंगत ठरवला. तेव्हा 'आम्हांला न विचारता जमीन विकलीच कशी' या तक्रारीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. विक्री होणार हे गृहीत धरून वाट राखून ठेवणे हाच शहाणपणा आहे.

"शेजाऱ्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा," असे आमचे बुजुर्ग म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण हे मत आम्हांला मान्य नाही. कुरआन शरीफच्या सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची, साक्षीदार घेण्याची आणि लहानमोठ्या व्यवहाराचा कंटाळा न करण्याची ताकीद आहे. ती मोमिनांना उद्देशून आहे, म्हणजे एकमेकांवर विश्वास असणाऱ्यांनाच आहे. लिहिलेला शब्द विश्वास कमी करत नाही. दोघे मरहूम झाल्यावरही तो त्यांच्या मुलांना एकमेकांशी सलाम करता येईल असे ठेवतो.

शिवाय कागदाचा फायदा वाट देणाऱ्यालाही आहे. आज कित्येक चांगली माणसे केवळ भीतीपोटी वाट बंद करतात. "वीस वर्षे जाऊ दिले तर हे मालक होतील," असे कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलेले असते. ही केवळ परवानगी आहे, हक्क नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले तर ती भीती उरत नाही. देणारा निर्धास्तपणे देतो, घेणारा समजून घेतो.

वाटणीच्या वेळची चूक

बाहेरच्या खरेदीदारापेक्षा जास्त भांडणे घरातल्या वाटणीतून होतात, हेही सांगितले पाहिजे. समजा वडिलांची काठावरची जागा दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात शरियतप्रमाणे वाटली गेली. थोरल्याला पाण्याकडचा तुकडा आला, धाकट्याला मधला, बहिणीला रस्त्याकडचा. थोरल्याला रस्त्यावर यायला दोघांची जमीन हवी आणि त्या दोघांना पाण्यापर्यंत जायला थोरल्याची. भावंडांत प्रेम आहे तोवर कोणी काही बोलत नाही. पुढच्या पिढीत चुलतभाऊ एकमेकांना ओळखत नाहीत, मग कोर्ट.

वाटणीने जमीन कोंडली गेली तर कलम 13 प्रमाणे गरजेची वाट मिळते. पण ती निव्वळ गरजेपुरती. लांबची का होईना, दुसरी वाट असेल तर सोयीसाठी जवळची मागता येत नाही, आणि गरज संपली की तो हक्कही संपतो. पाण्याकडे जाणे हे बहिणीच्या नवऱ्याच्या धंद्याला आवश्यक आहे म्हणून न्यायालय ती वाट देईलच, असे कोणी समजू नये. तिचा हिस्सा देताना वाट आणि धक्क्याचा वापरही वाटणीपत्रात लिहून द्यावा. पाण्यापर्यंत पोचता येत नाही असा खाडीकाठचा हिस्सा बहिणीला देणे म्हणजे हिस्सा देऊन न दिल्यासारखे आहे.

कागदात काय असावे

हा कागद साधा असावा, पण अपुरा नसावा. दोन्ही जमिनींचे सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक त्यात यावेत. वाटेची लांबी-रुंदी फुटांत लिहावी आणि नकाशा जोडावा. वाट पायी जाणाऱ्यासाठी, हातगाडीसाठी की टेंपोसाठी, हे नमूद करावे. वेळ लिहिताना घड्याळ बघू नये. भरती-ओहोटी घड्याळ पाहून येत नाही, रात्री दोन वाजताही होडी लागते. म्हणून 'भरतीच्या वेळेप्रमाणे, रात्रीही' असे शब्द घालावेत. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या कुठे ओढून घ्यायच्या, किती होड्या, कोणत्या तारखेपर्यंत, हे वेगळे लिहावे. धक्क्याला आधी कोणाची होडी लागेल, उधाणात दगड निखळले तर दुरुस्तीचा खर्च कोण किती देईल, मासळी धुतलेले पाणी आणि घाण कुठे जाईल, हेही ठरवावे. दुरुस्तीबाबत काही लिहिले नसेल तर कायद्याप्रमाणे तो खर्च वाट वापरणाऱ्याने सोसायचा असतो.

सर्वांत महत्त्वाची ओळ अशी, की ही परवानगी आहे की कायमचा हक्क, आणि तो वारसांना व पुढच्या खरेदीदारांना बंधनकारक आहे की नाही. कायमचा हक्क द्यायचा असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या करून तो कपाटात ठेवला तर पुढे उपयोग होत नाही. नोंदणीनंतर सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात नोंद घेण्यासाठी अर्ज द्यावा. नव्या खरेदीदाराचा वकील सर्वांत आधी तोच रकाना पाहतो.

हे सारे फक्त नाखव्यांसाठी आहे असे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी समजू नये. दोन शेडमधला बोळ, सामायिक भिंत, मागच्या गल्लीतून जाणारे सांडपाणी, वखारीचा सामायिक जिना यांना हाच 1882 चा कायदा लागू आहे. तिथेही तीच चूक होते आणि तोच उपाय आहे.

आमची मागणी

भांडण झालेच तर आधी कोर्टाची पायरी चढू नये. तालुका विधी सेवा समितीकडे दावा लावण्यापूर्वीही अर्ज देता येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीत झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. मारामारीची वेळ आली असेल तर जमीन आणि पाण्याच्या वापराच्या तंट्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना हस्तक्षेप करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 147 मधली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे. पण तिथेही अलीकडचा वापर दाखवावा लागतो, बारमाही वापर असेल तर गेल्या तीन महिन्यांतला आणि हंगामी असेल तर गेल्या हंगामातला. पुन्हा तेच, गप्प बसणाऱ्याचे नुकसान.

नगरपरिषदांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पाण्यापर्यंत जाणाऱ्या जुन्या पाखाड्या, होड्या लागण्याच्या जागा आणि सामायिक धक्के यांची मोजणी करून प्रत्येक नगरपरिषदेने नोंदवही ठेवावी. विकास आराखड्यात त्या दाखवाव्यात. काठावरच्या भूखंडावर बांधकाम परवानगी देण्यापूर्वी जागेवर जाऊन वाट आहे की नाही हे पाहावे आणि असल्यास शेजाऱ्यांना कळवावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, एक मोजणीदार आणि थोडी इच्छा पुरे. आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आमच्या बांधवांनीही झोपून राहू नये. मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

जमातींनाही आमची विनंती आहे. मोहल्ल्यातल्या निकाहांची नोंद आपण जशी ठेवतो, तशी सामायिक वाटा-धक्क्यांच्या कागदांची एक फाइल जमातीच्या कपाटात असावी. ज्या बुजुर्गांनी स्वतःच्या डोळ्यांनी पन्नास वर्षांची वहिवाट पाहिली आहे, त्यांची प्रतिज्ञापत्रे आजच करून घ्यावीत. साक्षीदार एकेक करून जात आहेत. येत्या 1 जूनला होड्या वर येतील तेव्हा नाखव्यांच्या हाती दोन महिने मोकळे असतील. त्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त करावीत, होड्यांना तेल-रंग द्यावा आणि शेजाऱ्याकडे जाऊन चहा घेता घेता हा कागदही पुरा करावा. शेजारी अजून शेजारी आहे, जमीन अजून त्याच्याच नावावर आहे, तोवरच हे सहज होणारे काम आहे.